स्कोअरशीट : पूलचे २० गुण, वॉशिंग्टनचे ६४ पराभव

गेल्या अंकात एका उत्तराच्या शेवटी मी लिहून गेले होते की एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या वॉशिंग्टन विझार्ड्सच्या जॉर्डन पूलची सामन्यामागची गुणांची सरासरी बघून हुरळून जाऊ नका. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली, तेवढी राज्य संघाच्या निवडीवर लिहिलं तेव्हाही आली नव्हती. एनबीएतल्या सर्वांत जास्त मार खाणाऱ्या संघांपैकी एकावर नागपुरात इतका जीव टाकणारे लोक आहेत, हे वाचून मजा वाटली. म्हणून शालेय स्पर्धांचे आणि रेफ्रीच्या परीक्षेचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. त्या मंडळींनी रागावू नये.

प्रश्न : ताई, आमचं भांडण तुम्हीच मिटवा. मी म्हणतो पूल चांगला खेळून राहिला, २०.५ ची सरासरी काय झाडाला लागते? माझा मित्र म्हणतो, खराब संघात कोणीही वीस मारते. तुम्ही त्याच्याच बाजूनं काहून बोलल्या?
— दोन मित्र, त्रिमूर्तीनगर

उत्तर : बाजू मी कोणाचीच घेतली नाही आणि तुमच्या मित्राचं ‘कोणीही मारते’ तर मला अजिबात पटत नाही. समोरच्याचा हात डोळ्यांवर असताना पूल थ्री, म्हणजे लांबून तीन गुणांची बास्केट, मारतो आणि २०२४-२५ च्या मोसमात त्याचे शंभरातले जवळपास ३८ थ्री आत गेले. तुमच्या मित्राला रिकाम्या मैदानावर, कोणी अडवत नसताना, शंभर मारायला सांगा आणि मोजा.

आता माझं म्हणणं ऐका. २०२२-२३ मध्ये पूल गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे होता. सरासरी २०.४ गुण. तो संघ ४४ सामने जिंकला, ३८ हरला. त्या उन्हाळ्यात ख्रिस पॉलच्या बदल्यात तो वॉशिंग्टनला गेला. पहिल्या वर्षी सरासरी १७.४ वर घसरली, दुसऱ्या वर्षी परत २०.५ झाली. आणि त्या दुसऱ्या वर्षी वॉशिंग्टन १८ जिंकला, ६४ हरला. माणूस तोच, आकडा तोच, उलट एका दशांशानं जास्तच. मग मधले २६ विजय कुठे गेले?

ते पूलच्या आजूबाजूला शोधा. वॉरियर्समध्ये स्टीफन करी मैदानात असला की समोरच्यांचे दोन जण त्याच्यामागे पळायचे, तिसरा क्ले थॉम्पसनला चिकटायचा, आणि पूलला जागा मिळायची. डिफेन्समध्ये त्याला कोणी चकवून गेलं तर मागे ड्रेमंड ग्रीन उभा. वॉशिंग्टनमध्ये समोरच्याचा सर्वांत चांगला डिफेंडर सरळ पूलवरच यायचा, आणि पूलला चकवून जो आत शिरायचा त्याला अडवायला विशीतली कोवळी पोरं. समोरचे संघ वॉशिंग्टनविरुद्ध सामन्याला सरासरी १२० गुण करत होते. पूलच्या नावापुढे २०.५ लिहिताना हे कुठेच येत नाही.

आणखी एक. विद्यापीठाकडून खेळणं संपल्यावर मी गुण नोंदवायला टेबलावर बसायला लागले, ती अजून बसतेच आहे. स्कोअरशीटवर दोन गुणांच्या बास्केटला तिरकी रेघ, थ्रीला खेळाडूच्या नंबराभोवती गोल, फ्री थ्रोला भरीव ठिपका. बरोबरी असताना शेवटच्या मिनिटाला टाकलेली बास्केट आणि संघ २५ नं मागे असताना, समोरचे मुख्य पाच जण खांद्यावर टॉवेल टाकून बाकावर हसत बसलेले असताना टाकलेली बास्केट, दोन्हींची रेघ सारखीच. वॉशिंग्टन त्या मोसमात सरासरी १२ गुणांनी मागे राहिला. सरासरी १२ म्हणजे कित्येक रात्री २० आणि २५. असे चौथे क्वार्टर तिथं भरपूर झाले आणि त्यातलेही गुण सगळ्यांच्या सरासरीत जाऊन बसले.

२०२५ च्या उन्हाळ्यात पूल न्यू ऑर्लीन्सला गेला, त्याच्या बदल्यात सी. जे. मॅकॉलम आला. तुम्ही दोघं आता भांडण तिकडे हलवा.

प्रश्न : डेट्रॉईट पिस्टन्स २०२३-२४ मध्ये १४-६८, म्हणजे १४ विजय, ६८ पराभव, आणि पुढच्याच वर्षी ४४-३८. महत्त्वाची पोरं तीच. म्हणजे प्रशिक्षक बदलला आणि गाडी रुळावर आली, असंच ना? मग वॉशिंग्टननं तेच करायला काय हरकत आहे? मी साठीचा आहे, आमच्या वेळी कोच ओरडला की संघ जिंकायचा.
— एक सेवानिवृत्त वाचक, लक्ष्मीनगर

उत्तर : काका, ओरडणारे कोच मलाही होते. आम्ही तरीही हरायचो.

डेट्रॉईटचं उदाहरण तुम्ही छान काढलंत, कारण आकडेवारी कशी वाचावी हे त्या दोन मोसमांइतकं स्पष्ट मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. २०२३-२४ ची सुरुवात बरी होती, तीनपैकी दोन सामने जिंकले. २८ ऑक्टोबरला शिकागोला हरवलं आणि त्यानंतर थेट ३० डिसेंबरला टोरांटोविरुद्ध विजय मिळाला, तोही दोन गुणांनी, १२९-१२७. मध्ये सलग २८ पराभव. एका मोसमात इतके सलग पराभव एनबीएत कोणाचेच नाहीत. प्रेक्षक मालकाला उद्देशून ‘संघ विका’ म्हणून घोषणा देत होते. ज्या रात्री ब्रुकलिनशी हरून २७ वा पराभव झाला आणि विक्रम मोडला, त्या रात्री केड कनिंगहॅमनं ४१ गुण केले होते. आता बोला. ४१ गुण करणारा खेळाडू असताना संघ हरतो, तर दोष कोणाचा?

बऱ्याच जणांनी तेव्हा केडलाच धरलं होतं. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या क्रमांकाला निवडलेला मुलगा, २२.७ गुण आणि ७.५ असिस्टची (ज्यावर बास्केट होते त्या पासची) सरासरी, आणि संघ रसातळाला. म्हणजे हा नुसता आकडे भरतोय, अशी ओरड होती. पण त्याच्याबरोबर कोण उभं होतं ते बघा. ऑसर थॉम्पसन, उत्तम डिफेंडर, उडी भन्नाट, पण त्या वर्षी थ्री मारले तर शंभरातले १९ सुद्धा आत गेले नाहीत. सेंटर जेलन ड्युरन, रिंगच्या खालचा गडी, लांबून मारायचा प्रश्नच नाही. मोसमाच्या सुरुवातीला जेडन आयव्हीला बाकावर ठेवून किलियन हेजला पहिल्या पाचात खेळवलं, त्याचाही शॉट बेभरवशाचा. बाहेरून मारणारं कोणी नसलं की डिफेन्स काय करतो? सगळे पाय रिंगखाली रोवून उभे राहतात. केड आत शिरला की समोर भिंत.

२०२४ च्या उन्हाळ्यात कोच माँटी विल्यम्सला काढलं. सहा वर्षांचा, सुमारे ७.८५ कोटी डॉलरचा करार केलेला माणूस एका मोसमात घरी गेला. जे. बी. बिकरस्टाफ आला. इथपर्यंत तुमचं बरोबर. पण त्याच उन्हाळ्यात टोबायस हॅरिस, टिम हार्डवे ज्युनियर आणि मलिक बीझली हे तिघंही आले, तिघांनाही बाहेरून मारता येतं. बीझलीनं त्या मोसमात ३१९ थ्री मारले. अख्ख्या लीगमध्ये त्याच्यापुढे एकटा अँथनी एडवर्ड्स, तोही ३२० वर, म्हणजे एकाच थ्रीनं पुढे. आता बीझलीला सोडून रिंगखाली उभं राहायची कोणाची हिंमत होणार? भिंत फुटली आणि केडला वाट मिळाली. २६.१ गुण, ९.१ असिस्ट.

याच वर्षी केडचे टर्नओव्हर, म्हणजे हातून गमावलेले चेंडू, किती झाले माहीत आहे? आदल्या वर्षी सामन्याला ३.४ होते, ते वाढून ४.४ झाले. नुसता तो रकाना वाचणारा म्हणेल, पोरगा बिघडला. संघ मात्र ३० सामने जास्त जिंकला. आदल्या वर्षीच्या तिपटीहून जास्त विजय याआधी एनबीएत कोणी मिळवलेले नव्हते. चेंडू सतत एकाच्या हातात, तोच आत शिरणार, तोच पास देणार, तर सुटणारही त्याच्याच हातून. त्या टर्नओव्हरच्या बदल्यात बीझलीला मोकळे थ्री मिळत असतील तर कोणता कोच तक्रार करेल? पुढे प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीत, न्यूयॉर्ककडून सहा सामन्यांत हरले, पण २००८ नंतर पहिल्यांदा प्लेऑफचा सामना जिंकले.

आता वॉशिंग्टन. त्यांनीही कोच बदलून पाहिला आहे. २०२३-२४ च्या मध्यात वेस अनसेल्ड ज्युनियर जाऊन ब्रायन कीफ आला, आणि पुढच्या मोसमात एकदा नाही, दोनदा सलग १६ पराभव झाले. कारण त्यांच्याकडे केड नव्हता. डेट्रॉईटकडे हिरा होता, कोंदण नव्हतं. वॉशिंग्टनकडे २०२४ च्या पहिल्या फेरीतले तीन नवखे: अलेक्स सार, बब कॅरिंग्टन, किशॉन जॉर्ज. पोरं मेहनती आहेत, कॅरिंग्टन तर पहिल्याच मोसमात सगळे ८२ सामने खेळला. पण यातला कोणी पुढे केड होईल की नाही हे आज कोणत्याच आकड्यात दिसत नाही. २०२५ मध्ये ख्रिस मिडलटन, मॅकॉलम असे जाणते खेळाडू आणले होते. कोंदण आधी घडवायला घेतलं होतं म्हणा हवं तर.

प्रश्न : माझा मुलगा थंडीत पहाटे साडेपाचला उठून वॉशिंग्टनचा सामना मोबाईलवर बघतो. अभ्यासाला ऊठ म्हटलं की सातशिवाय डोळा उघडत नाही. बरं, संघ जिंकत असता तर एक वेळ समजलं असतं! त्याला काय सांगू?
— एक आई, मनीषनगर

उत्तर : साडेपाच म्हणजे तिकडे आदल्या संध्याकाळचे सात, त्याला त्यात काही करता येत नाही. ऑक्टोबरअखेर मोसम सुरू होतो तेव्हा तर आपल्याकडे साडेचारच वाजलेले असतात, तेव्हा या वर्षी तयारी ठेवा. दुसरा क्वार्टर संपला की पुस्तक उघडायचं, एवढी अट घाला. वॉशिंग्टनच्या चाहत्याचं त्यात बहुतेक दिवशी काही बुडणार नाही. आणि शनिवार-रविवारी पूर्ण सामना बघू द्या, नंतर कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे खाताना मित्रांशी वाद घालायला काहीतरी लागतं की नाही?

प्रश्न : काकू, मी नववीत आहे आणि शाळेच्या संघात सेंटर खेळते. माझं शूटिंग ३९ टक्के आहे. सर म्हणतात फार कमी आहे. पण अलेक्स सार पण सेंटर आहे, पहिल्या मोसमात त्याचंही ३९ च टक्के होतं आणि तरी त्याला वर्षातल्या सर्वोत्तम नवोदितांच्या पहिल्या संघात घेतलं! सरांना हे सांगू का?
— बजाजनगर

उत्तर : सांग, पण पूर्ण हिशेब करून जा, कारण तुझे सर पुढचा प्रश्न विचारणारच: शॉट कुठून मारलेस?

दहा शॉटपैकी चार आत गेले म्हणजे ४० टक्के. चारही दोनचे असतील तर आठ गुण झाले. त्याच चारात दोन थ्री असतील तर दहा गुण. टक्के सारखे, गुण वेगळे. सार सात फूट उंच असूनही त्या मोसमात बरेचसे शॉट लांबून मारायचा. त्याचे शंभरातले ३१ थ्री पडले, म्हणून एकूण टक्केवारी ३९.४ वर आली. त्यातही खुश व्हावं असं काही नाही. लांबून मारायचं तर ३१ हा आकडा कमीच, आणि सात फुटी माणसानं रिंगजवळ त्याहून खूप जास्त गुण करावेत ही अपेक्षा वॉशिंग्टनच्या चाहत्यांचीही आहे. नवोदितांच्या पहिल्या संघात त्याला घेतलं तेव्हा मतं देणाऱ्यांनी त्याचा डिफेन्स आणि ब्लॉकही बघितले असणार.

तू थ्री मारतेस का? तुझ्या पत्रात तसं काही नाही. तेव्हा तुझे ३९ टक्के रिंगखालचे असतील असं धरते. तसं असेल तर सर बरोबर आहेत. रिंगखाली चेंडू मिळाल्यावर चेंडू खाली, कमरेपर्यंत आणतेस का ते कोणाला तरी बघायला सांग. शालेय मुलींमध्ये बरेच शॉट तिथंच हिसकावले जातात.

आणि वाईट सामना झाला म्हणून रडू नको. २०२४ च्या उन्हाळी लीगमध्ये हाच सार पोर्टलँडविरुद्ध १५ शॉट मारून १५ चुकला होता. एकही आत नाही. तीन महिन्यांनी तो एनबीएत पहिल्या पाचात उतरला.

प्रश्न : ताई, आमच्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये रोज एकच वाद. २०२४-२५ मोसमाच्या शेवटच्या सामन्यात वॉशिंग्टनच्या बब कॅरिंग्टननं शेवटच्या क्षणी बास्केट मारून मियामीला ११९-११८ हरवलं. तो सामना हरलो असतो तर ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा कूपर फ्लॅग आपला झाला असता. जिंकून काय मिळालं?
— तीन विद्यार्थी, अंबाझरी

उत्तर : फ्लॅग तुमचा तसाही झाला नसता. ड्राफ्टचा पहिला क्रमांक सोडतीनं ठरतो, आणि २०२५ च्या सोडतीत तळाच्या तिन्ही संघांना त्याची संधी सारखीच होती, १४ टक्के. २०१९ मध्ये आलेला हा नियम, मुद्दाम हरण्याला आळा बसावा म्हणूनच केलेला. १४ चेंडूंतून चार निघतात, त्यांच्या हजार जोडण्या संघांत वाटलेल्या असतात. तळाच्या तिघांना प्रत्येकी १४०. २०२५ मध्ये निघाली डॅलसची जोडणी, ज्यांच्याकडे हजारातल्या फक्त १८ होत्या आणि ज्यांनी त्याच वर्षी फेब्रुवारीत लुका डॉन्चिचला स्वतःहून देऊन टाकलं होतं. नशीब कोणाकडे जातं बघा.

कॅरिंग्टनच्या त्या शॉटचा परिणाम झाला तो दुसऱ्याच ठिकाणी. यूटा १७-६५, वॉशिंग्टन १८-६४. सर्वांत तळाचा संघ जास्तीत जास्त पाचव्यापर्यंत घसरू शकत होता, खालून दुसरा सहाव्यापर्यंत. झालंही तेच, दोघंही घसरायचे तेवढे घसरले. यूटाला पाचवा, त्यांनी एस बेलीला घेतलं; वॉशिंग्टनला सहावा, त्यांनी ट्रे जॉन्सनला घेतलं. तो सामना हरले असते तर यूटाशी बरोबरी होऊन चिठ्ठी टाकावी लागली असती. म्हणजे त्या बास्केटची किंमत लावायचीच तर पाचव्या क्रमांकाची अर्धी संधी, बस.

मला विचाराल तर एकोणीस वर्षांच्या पोराला, ६४ पराभवांनंतर, शेवटच्या सेकंदाला चेंडू हातात असताना ‘चुकव’ म्हणून सांगणारा चाहता मला समजत नाही. आणि तळाला जाऊन फायदाच होतो म्हणाल तर डेट्रॉईटला विचारा. २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी सर्वांत वाईट कामगिरी त्यांची, आणि दोन्ही वर्षी हातात पाचवा क्रमांक.

प्रश्न : सॅक्रामेंटो किंग्जचे मालक विवेक रणदिवे आपल्याकडचेच ना? मग त्यांच्या संघाचे असे हाल का?
— महाल

उत्तर : जन्म मुंबईचा. २०१३ मध्ये त्यांनी किंग्ज घेतला. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स मुंबईत दोन सामने खेळले, तेव्हा ते घरी आल्यासारखे मिरवत होते. दोन्ही सामने किंग्ज हरले. संघाचं असं का, याचं अर्धं उत्तर २०१८ च्या ड्राफ्टमध्ये आहे: दुसऱ्या क्रमांकाला मार्विन बॅगली घेतला, तिसऱ्याला डॉन्चिच गेला. उरलेलं अर्धं टायरिस हॅलिबर्टन. बाराव्या क्रमांकाला मिळालेला हा मुलगा त्यांनी २०२२ मध्ये इंडियानाला दिला, आणि २०२५ मध्ये तो इंडियानाला अंतिम फेरीत घेऊन गेला. त्याच्या बदल्यात आलेल्या डोमांटास सबोनिसमुळे १६ मोसमांनी प्लेऑफ दिसला, हेही खरं. आडनाव मराठी आहे म्हणून मी त्यांना सवलत देणार नाही.

प्रश्न : आम्ही शिवाजीनगरच्या मैदानावर खेळणारी पोरं. या वर्षी आमच्या संघाचं प्लस-मायनस, म्हणजे कोणता खेळाडू मैदानात असताना संघ किती गुणांनी पुढे किंवा मागे गेला ते, काढायचं ठरवलं आहे, पण स्कोअरशीटवरून ते निघत नाही. कसं काढायचं?
— सहा जण, सही सगळ्यांची

उत्तर : निघणारच नाही. आपल्या शीटवर खेळाडू पहिल्यांदा उतरला की फुली पडते, पहिल्या पाचांच्या फुलीला गोल. तो कधी बाहेर गेला, परत कधी आला, याची नोंद कुठेच नसते. वेगळी वही करा.

कोणीही आत-बाहेर झालं की त्या क्षणीचा स्कोअर लिहायचा. मुलगा उतरला तेव्हा १८-२२, म्हणजे उणे चार. बाहेर आला तेव्हा ३०-२९, म्हणजे अधिक एक. त्याचं प्लस-मायनस अधिक पाच. सामनाभरातल्या अशा सगळ्या पाळ्या जोडायच्या. एका सामन्याच्या आकड्यावरून कोणाला चिडवू नका, निदान अख्ख्या स्पर्धेचा होऊ द्या.

स्कोअरसोबत त्या वेळी मैदानावर असलेल्या पाचही जणांचे नंबर लिहाच. हे कोणी करत नाही आणि मग फसतात. तुमच्या सर्वांत चांगल्या पॉइंट गार्डबरोबरच नेहमी उतरणारा ढिला मुलगा वहीत अधिक दहा दिसेल, आणि राखीव चौघांना घेऊन किल्ला लढवणारा चांगला मुलगा उणे आठ. पाच नंबर लिहिलेले असतील तर दोघांना वेगळं करून बघता येतं.

फ्री थ्रोच्या मध्ये बदल झाला तर ते गुण कोणाच्या खात्यात, फाऊल झाला तेव्हा आत होता त्याच्या की चेंडू पडला तेव्हा आत होता त्याच्या, हे स्पर्धेआधीच ठरवा. आणि वही कोणा खेळाडूच्या भावाकडे देऊ नका.